फुकट कट्ट्याचं बिल कोण भरतं?

(पडदा काळा. कीबोर्डचा टकटक आवाज.)

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. मेटाफिल्टर नावाची एक अमेरिकन साइट आहे, गप्पांची, चर्चेची. त्या साइटवर येणारी गर्दी एका रात्रीत ४० टक्क्यांनी घसरली आणि उत्पन्नही तेवढंच खाली आलं. साइट बंद पडली नव्हती, सर्व्हर जळला नव्हता, सभासद भांडून निघून गेले नव्हते. रोज येऊन वाद घालणारी मंडळी त्या दिवशीही आली आणि नेहमीसारखीच एकमेकांवर तुटून पडली. मग गेलं कोण? तर गूगलवर काहीतरी शोधता शोधता आत डोकावणारे अनोळखी लोक. आणि सगळ्या कट्ट्याचं पोट त्यांच्यावरच चाललं होतं.

हे कसं काय, ते समजायला थोडं मागे जाऊ.

(पडद्यावर १९९९ सालच्या वेबसाइट्स, त्या निळ्या लिंका, ते जाडजूड मॉनिटर.)

मॅट हाउई या माणसाने जुलै १९९९ मध्ये ही साइट सुरू केली. कल्पना साधी, नेटवर काही भारी सापडलं की त्याची लिंक टाकायची आणि खाली सगळ्यांनी बोलायचं. एकट्याचा छंद, खर्चही एकट्याचा. पहिली काही वर्षं जगातला प्रत्येक कट्टा असाच चालतो बरं का, एक वेडा माणूस असतो आणि त्याचं क्रेडिट कार्ड असतं. तो पैसे मागत नाही कारण मागायची लाज वाटते, आणि बाकीचे विचारत नाहीत कारण चालू आहे ना, मग कशाला विचारायचं.

लोक वाढले तसा सर्व्हर धापा टाकायला लागला आणि हाउईने नवीन सभासद घेणंच बंद केलं, अगदी दीर्घकाळ. बाहेर लोक ताटकळत, आत जुनी मंडळी. शेवटी नोव्हेंबर २००४ मध्ये दार उघडलं, पण दारात एक डबा ठेवून. पाच डॉलर टाका आणि कायमचे आत या. महिन्याला नाही, वर्षाला नाही, आयुष्यात एकदाच. वाचायचं असेल, आपल्याकडे म्हणतात तसं रोमात (रीड ओन्ली मोडमध्ये) राहायचं असेल, तर एक पैसा नको, लिहायचं असेल तर पाच डॉलर.

आता पाच डॉलरने कुठल्या साइटचं भलं होतं? होत नाहीच. पण त्या पाच डॉलरने एक वेगळंच काम केलं. स्पॅम टाकणारा माणूस शंभर खाती फुकट काढतो, पाचशे डॉलर भरून काढत नाही. तसंच डुआयडीचं, म्हणजे डुप्लिकेट आयडीचं, भांडण झालं की दुसऱ्या नावाने येऊन स्वतःच्याच प्रतिसादाला टाळ्या वाजवणारे महाभाग आपण सगळ्यांनी बघितलेत, त्यांनाही प्रत्येक नव्या अवतारासाठी खिशात हात घालावा लागतो म्हटलं की उत्साह ओसरतो. म्हणजे ती फी उत्पन्नासाठी कमी आणि उंबरठा म्हणून जास्त. समथिंग ऑफुल नावाचा दुसरा अमेरिकन अड्डा तर याच्याही पुढे गेला. तिथे आत यायला दहा डॉलर, आणि वाईट वागल्याबद्दल हाकललं तर परत यायला पुन्हा दहा डॉलर. चावटपणावर लावलेला टॅक्सच म्हणा ना! मला हा प्रकार फार आवडतो, पण खरं सांगायचं तर हेही धोक्याचंच, कारण हाकलण्यातून पैसा मिळायला लागला की मालकाला हाकलण्याची चटक लागू शकते.

बरं, मग खर्च नेमका कशाचा असतो? सगळ्यांना वाटतं सर्व्हरचा. तर सर्व्हर, डोमेन, बॅकअप हे सगळं आहेच, पण निव्वळ मजकुराची साइट हलकी असते, व्हिडिओसारखी जागा खात नाही. खरा खर्च माणसाचा असतो. रात्री अडीच वाजता कुणीतरी कुणाची तरी आई-बहीण काढतं, कुणीतरी कुणाचा घरचा पत्ता टाकतं, कुणीतरी 'मला आता जगायचं नाही' असं लिहून गप्प होतं, त्या क्षणी तिथे एक जागा माणूस लागतो, शहाणा आणि शांत. मेटाफिल्टरने या कामासाठी पगारी मॉडरेटर ठेवले आणि चोवीस तास पहारा सुरू केला. त्या साइटवर भांडणं होऊनही लोक वर्षानुवर्षं टिकले त्याचं कारण हे पगार आहेत, सॉफ्टवेअर नाही.

आणि पगाराचा पैसा आला जाहिरातीतून. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी प्रश्नोत्तरांचा वेगळा विभाग काढला होता, आस्क मेटाफिल्टर. सिंकमधून वास येतो काय करू, मुलगी बोलत नाही काय करू, लहानपणी एक गोष्ट वाचलेली तिचं नाव आठवत नाही, असले प्रश्न आणि त्यांना माणसांनी दिलेली खरीखुरी उत्तरं. गूगलला असली पानं हवीच असतात, त्यामुळे शोधणारे लोक लाटेसारखे यायला लागले. जाहिराती दिसायच्या त्या मुख्यतः या पाहुण्यांना, सभासदांना नाही. यजमान फुकट जेवतो आणि पाहुणा बिल भरतो, वर पाहुण्याला कळतही नाही. किती छान, नाही?

छानच होतं, पण एक गोम होती. पाहुणे पाठवणारं गूगल, आणि त्या जाहिरातींचे पैसे देणारंही गूगलच. पाणी त्यांचं, नळ त्यांचा, मीटरही त्यांचाच. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये शोधाच्या गणितात काहीतरी बदललं आणि नळ अर्धा बंद झाला. का, ते कुणी फोन करून सांगत नाही, फोन लावायला नंबरही नसतो.

दीड वर्ष ओढाताण करून मे २०१४ मध्ये हाउईने सगळं उघड लिहिलं, की पैसे संपत आलेत आणि काही मॉडरेटरांना काढावं लागतंय. जेसामिन वेस्ट, जी मुळात व्हरमाँटची ग्रंथपाल आणि या साइटचा कणा समजली जायची, तीही त्याच सुमारास बाहेर पडली.

आणि मग सभासद म्हणाले, अरे पण आम्हाला आधी का नाही विचारलंस?

(इथे थोडं थांबायचं. संगीत नको.)

दर महिन्याला ज्याला जमेल तेवढं द्यायचं अशी सोय सुरू झाली. कुणी पाच, कुणी वीस. न देणारा जेवढा सभासद तेवढाच देणारा. २०१५ मध्ये हाउई बाजूला झाला, जॉश मिलार्ड या मॉडरेटरने साइट हातात घेतली, २०१८ मध्ये पुन्हा तंगी आली आणि पुन्हा सभासदांसमोर हिशेब मांडला, पुन्हा लोकांनी हप्ते वाढवले. २०२२ मध्ये साइट आली कुणाकडे, तर त्याच जेसामिन वेस्टकडे. त्यानंतर सभासदांनीच ना-नफा संस्था उभी करायचं काम सुरू केलं. हे सगळं गुळगुळीत झालं असं नाही हां, प्रत्येक वेळी शेकडो प्रतिसादांची धुळवड झाली, कोण किती पगार घेतो, हे कशाला, ते कशाला. सोसायटीची वार्षिक सभा आठवा, तसंच. पण वर्गणी म्हटली की हिशेब विचारणारे आलेच, ते नको असतील तर मग जाहिरातवाल्याचं ऐका.

दुसरी टोकाची गोष्ट रेडिट या गप्पांच्या साइटची. २००५ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी एका बड्या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं, २०१० मध्ये त्यांनीही हात पसरून बघितला, रेडिट गोल्ड म्हणून महिन्याला चार डॉलरच्या आसपास. पण खरा कारभार जाहिरातींवर आणि पहारा मुख्यतः फुकट काम करणाऱ्या मॉडरेटरांवर. जून २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपांकडून भरमसाट पैसे मागितले तेव्हा हजारो विभागांनी टाळी लावली... चुकलो, टाळं लावलं! कंपनी बधली नाही. मार्च २०२४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. लोकांनी फुकट लिहिलेल्या गप्पांचा साठा हाच आता विकायचा माल, कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणाऱ्या कंपन्या त्याचे पैसे मोजतात.

आणि विकिपीडिया? तिथेही सुरुवातीला एका कंपनीच्या खिशातून चालायचं. २००२ मध्ये जाहिराती येऊ शकतात एवढी नुसती चर्चा झाली तर स्पॅनिश विकिपीडियातले बरेच लोक उठून गेले आणि स्वतःचा वेगळा ज्ञानकोश मांडून बसले. त्याचा धसका कायम राहिला. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था झाली, आणि आपला मराठी विकिपीडियाही त्याच वर्षीचा, १ मे चा. आज तो सगळा डोलारा मुख्यतः छोट्या देणग्यांवर उभा आहे. ९८ टक्के वाचक काहीच देत नाहीत असं त्यांचंच बॅनर सांगायचं, म्हणजे उरलेल्या दोन टक्क्यांवर. मात्र एक तक्रार माझीही आहे. २०२१ मध्ये त्यांचा कायमस्वरूपी निधी १० कोटी डॉलरपर्यंत पोचला आणि तरी बॅनर असं, जणू उद्या दिवे जाणार. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच या भाषेवर हरकत घेतली, आणि बरं केलं. गरज असेल तेवढं मागा, रडून मागू नका.

(पडद्यावर मराठी संकेतस्थळांची जुनी मुखपृष्ठं.)

आपल्याकडे बघायचं तर मायबोली. अजय गल्लेवाले यांनी १९९६ मध्ये सुरू केली, म्हणजे मेटाफिल्टरच्याही आधी. तिथे वर्गणी नाही, छोट्या जाहिराती आहेत, पुस्तकांची ऑनलाइन विक्री करून बघितली, मराठी सिनेमांचं माध्यम प्रायोजकत्व केलं. पण गणेशोत्सव, दिवाळी अंक, शुद्धलेखन तपासणं, हे सगळं स्वयंसेवकांनी नोकरी-संसार सांभाळून रात्री जागून केलेलं. त्याचं बिल कधी कुठे लागत नाही म्हणून ते फुकट होतं असं आपण समजतो. वेमांच्या, म्हणजे वेबमास्तरांच्या नावाने बोटं मोडणारे आपण सगळे एकदा तरी दहा मिनिटं त्या खुर्चीत बसायला हवे होतो.

आता समजा तुमचा एखादा मराठी कट्टा आहे आणि तुम्ही ठरवलं की आपण लोकांकडून दर महिन्याला थोडं थोडं घेऊ. तर पैसे येण्याची वाट बघा कशी वाकडी आहे. पेपाल अमेरिकेत बरीच वर्षं दर व्यवहाराला २.९ टक्के अधिक ३० सेंट कापायचं, म्हणजे कुणी एक डॉलर दिला तर तेहतीस सेंट वाटेतच गेले. त्यामुळे तिकडे महिन्याला एक डॉलर मागण्यापेक्षा वर्षाला बारा एकदम मागणं शहाणपणाचं. भारतात उलट, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, कुणी ५० रुपये टाकले तर ५० च्या ५० पोचतात. पण कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्यांना ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागले आणि तेव्हा परदेशी साइट्सवरचे कितीतरी लोकांचे चालू हप्ते गपकन बंद पडले. देणाऱ्याची इच्छा होती, नुसती बँक नाही म्हणाली.

त्याहून मोठी भानगड म्हणजे आपली माणसं पसरलेली, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत. तुम्ही भारतात ट्रस्ट काढलात आणि न्यू जर्सीच्या काकांनी, ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, प्रेमाने शंभर डॉलर पाठवले, तर कायद्याने ती विदेशी देणगी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यायला लागतात. तेच काका अजून भारतीय पासपोर्टवर असते आणि बँकेतून नीट पाठवले असते तर प्रश्न नव्हता. म्हणजे कट्ट्याच्या खजिनदाराने देणगी घेण्याआधी विचारायचं, काका, पासपोर्ट कुठला? म्हणून बरेच जण ट्रस्टच्या फंदात पडत नाहीत, एकाच्या नावावर साइट आणि त्याच्याच कार्डावर सर्व्हर, आणि तो माणूस थकला, आजारी पडला किंवा पासवर्ड न सांगता गेला की सगळं त्याच्याबरोबर.

मला विचाराल तर पैसा कुठून येतो यापेक्षा किती खिशांतून येतो ते बघावं. एका मोठ्या खिशावर चालणारा कट्टा दिसायला सुखी असतो. ऑर्कुट आठवतंय? २००४ चं, गूगलचं. मराठी कविता, मराठी विनोद, गावागावाच्या, शाळाशाळांच्या कम्युनिट्या, रात्र रात्र चाललेल्या भेंड्या. कुणी कधी एक रुपया मागितला नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. काही काळ जुन्या चर्चा बघायला ठेवल्या होत्या, नंतर त्याही काढल्या.

(पडद्यावर मेटाफिल्टरची पहिली पोस्ट.)

ही १४ जुलै १९९९ ची. कुणीतरी आपली मांजरं स्कॅनरच्या काचेवर ठेवून स्कॅन केली होती, त्या साइटबद्दल हाउईने दोन ओळी टाकल्या होत्या, की ही मांजरं या लोकांनी स्कॅनरमध्ये कोंबली कशी आणि मुळात कशाला. ती मांजरांची साइट तुम्ही शोधू नका. ही पोस्ट मात्र अजून उघडते.