आधी भाव, मग वाटा

मंडळी, आईवडिलांमागे राहिलेल्या घराची किंमत काढून घ्यायला भावंडं माझ्याकडे येतात, तेव्हा घर कोणाकडे राहणार हे बहुतेकदा ठरलेलं असतं. खरी अडचण तिथेच आहे. घर ठेवणाऱ्याला किंमत कमी वाटते, पैसे घेऊन बाजूला होणाऱ्याला जास्त. दोघंही मनापासून बोलत असतात. म्हणून माझं सांगणं असतं की घर कोण घेणार हे क्षणभर विसरा आणि आकडा आधी कागदावर आणा.

हा आकडा रेडीरेकनरवरून, म्हणजे जागांच्या सरकारी दरपत्रकावरून, काढू नका. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. समजा, तीन भावंडं आहेत, आईवडील दोघंही गेलेत. घराला बाजारात ९० लाख येतील आणि रेडीरेकनरने ६० लाख होतात. घर ठेवणाऱ्या भावाने रेडीरेकनर पुढे केला, तर बहिणीच्या हातात तीसऐवजी वीस लाख पडतात. सरकारी आकडा म्हटला की घरात कोणी प्रश्न विचारत नाही, आणि दहा लाख निमूटपणे जातात. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात उलटंही घडतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेले जुने भाडेकरू तिथे असतात. भाडेकरू नसलेल्या जागेचा दर लावला, तर घर घेणाराच बुडतो. सगळ्यांनी मिळून एकच मूल्यांकनकार नेमावा, त्याची फी सगळ्यांनी भरावी, आणि जागेची व बांधकामाची किंमत वेगवेगळी मांडून मागावी.

“पण आईचं सगळं मी केलं, स्लॅबची गळती मी काढली, घरपट्टी मी भरली.” हे खरं असतं, आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. फक्त ती किमतीत मुरवू नका. मघाच्या घरावर भावाने सहा लाख खर्च केले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाख आले. बाकीच्या दोघांना तीसऐवजी अठ्ठावीस द्यावेत. हिशेब दिसतो. त्याऐवजी “पंचाहत्तर धरू या” म्हटलं, की कशाचे किती कापले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. आईच्या सेवेचं मोल पैशात होत नाही. त्यासाठी भावंडांना काही सोडायचं असेल तर जरूर सोडावं, पण सेवेसाठी सोडलं असं स्पष्ट म्हणून.

आता बहिणींविषयी, हिंदू कुटुंबांपुरतं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. मात्र भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी मागायला तिला आडकाठी होती. ही आडकाठी घालणारं त्या कायद्याचं कलम २३ रद्द झालं ते २००५ मध्ये. तरीही आजसुद्धा बहिणीला साडीचोळी करून सही घेतली जाते. तिने वाटा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण आपण किती सोडतेय हे तिला सहीआधी कळलं पाहिजे. हा आकडा तिच्यापासून लपवणं मला अन्यायच वाटतो.

दोघांना घर हवं असेल तर? त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये वाट आहे. एक वारस आपला हिस्सा विकायला निघाला तर इतर वारसांचा हक्क आधी, आणि त्यांच्यात चुरस लागली तर जास्त किंमत देणाऱ्याला प्राधान्य. घरातही हेच करता येतं. मूल्यांकनाचा आकडा तळाशी धरून दोघांनी आपापला भाव बंद पाकिटात द्यावा. वाढलेल्या पैशात सगळ्यांचा वाटा.

शेवटी कागद. पैसे घेऊन हक्क सोडत असाल, तर हक्कसोडपत्रात “विनामोबदला” लिहू नका, मग मुद्रांक शुल्क कितीही वाचो. खोटं लिहिलेला कागद पुढे तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. रक्कम, हप्ते, तारखा दस्तात येऊ द्या. पैसे वर्षा-दोन वर्षांनी मिळणार असतील तर व्याज किती, किंवा किंमत पुन्हा काढायची का, हेही त्यातच लिहा.