दिवसाला एक मिलिमीटर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी भोसरीत पत्रा कापताना माझ्या धाकट्या भावाचं मनगट चिरलं. तुटलेली नस सर्जननी सूक्ष्मदर्शकाखाली जोडली, तरी करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिरच. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून आई मलाच विचारायची, "अगं, नस जोडली ना? मग बोटाला कळत का नाही?"

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, तिथेच घोळ होतो. रक्तवाहिनी जोडली की रक्त लगेच वाहतं. मज्जातंतू म्हणजे हजारो जिवंत धाग्यांची जुडी. करंगळीला स्पर्श कळवणाऱ्या धाग्याची मूळ पेशी असते मानेच्या खालच्या अंगाला, मणक्यापाशी. तिथून तो एकच धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत येतो.

इंग्लंडमधल्या ऑगस्टस वॉलर या डॉक्टरांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून पाहिले. कापाच्या पलीकडचा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरला. मूळ पेशीपासून तुटला, म्हणून उपाशी मेला, असंच पुढे शंभरहून अधिक वर्षं मानलं गेलं.

मग 1989 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एका वेगळ्याच जातीच्या उंदरांची नोंद केली. इतर उंदरांचा तुटलेला धागा एक-दोन दिवसांत मरायचा, यांचा दोन आठवडे शाबूत राहिला! उपासमारच असती, तर हा कसा जगला? याचा अर्थ, धागा नुसता मरत नाही, तो स्वतःला मोडून टाकतो. त्यामागचं प्रथिन 2012 मध्ये फळमाश्यांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून सापडलं. त्याचं नाव सार्म-1. मूळ पेशीकडून एक दुसरं, अल्पायुषी प्रथिन सतत धाग्यात येत असतं, तोवर सार्म-1 गप्प असतं. धागा तुटला की ही रसद थांबते. सार्म-1 जागं होतं आणि ऊर्जेसाठी लागणारा एनएडी हा रेणू काही तासांत फस्त करतं. मला या शोधाचं फार मोल वाटतं, कारण उपासमारीपुढे हात टेकावे लागतात, पण प्रथिनाला औषधाने अडवता येऊ शकतं. काही केमोथेरपींनंतर हातपाय बधिर होतात, त्यातही याच सार्म-1चा हात असल्याचं उंदरांत दिसलं आहे.

तर आईचं उत्तर असं: सर्जननी जोडलं ते वरचं आवरण, म्हणजे रिकामी वाट. आतला जुना धागा गेला. मनगटाच्या वरचा जिवंत भाग त्या वाटेने नवा धागा वाढवत नेतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत सहा-सात महिने धरा. तोवर बधिर हात जपायचा. गरम पातेलं, इस्त्री, कशाचाच चटका कळत नाही.

डॉक्टर दर महिन्याला भावाच्या तळहातावर बोटाने हलकेच ठोकून बघायचे. ठोकलं की जिथे मुंग्या येतात, तिथवर धागा पोचला. आई तिथे पेनाने ठिपका करायची. दिवाळीत ठिपका तळहाताच्या मध्यावर होता, संक्रांतीला करंगळीच्या मुळाशी.