पोटातली गाठ नेमकी कुठली?

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुमचा तुकडा तपासायला जातो ना, तो मायक्रोस्कोपखाली बघणारी बाई. पेशंट मला सहसा भेटत नाहीत, त्यांचे तुकडे भेटतात आणि सोबत एक फॉर्म येतो, आणि त्या फॉर्मवर ‘पूर्वीचा आजार’ हा रकाना बरेचदा रिकामाच असतो. आज त्याबद्दलच बोलायचंय.

समजा एखाद्या बाईंना दहा-बारा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, किमो झाली, गोळ्या संपल्या, विषय मिटला. आता पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतं, संडास कधी घट्ट कधी पातळ. घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, रक्त पडलं तर मूळव्याध. शेवटी दुर्बीण घालून बघतात तर मोठ्या आतड्यात गाठ, आणि बायोप्सीत कॅन्सर. सगळे धरून चालतात की हा नवीन कॅन्सर. बहुतेक वेळा असतोही, कारण स्तनाचा कॅन्सर पसरला तर जास्त करून हाडं, लिव्हर, फुफ्फुस, मेंदू इकडे जातो, आतड्यात क्वचितच.

पण स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर म्हणून एक प्रकार आहे, स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभरजणींतल्या 10 ते 15 जणींना होणारा, तो जरा वेगळ्या वाटेने जातो. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं, या प्रकारात बहुतेक वेळा ते नसतंच, त्यामुळे पेशी गाठ करून बसत नाहीत, मुंग्यांसारख्या एकीमागे एक रांगेने आत शिरतात. जठर, आतडं, पोटातलं आवरण, ओव्हरी, कुठेही. जठराच्या भिंतीत पसरल्या तर ती चामड्यासारखी ताठ होते, म्हणून दोन घासांत पोट भरतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, डोकेदुखीच) हे सगळं अस्तराच्या खाली चालतं, वरून दुर्बिणीला अस्तर छान गुलाबी दिसतं, चिमटा वरवरचा तुकडा घेतो आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. पेट स्कॅनमध्येही (कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायला शरीराचा काढतात तो) हा प्रकार कधीकधी फिकाच दिसतो. म्हणून डॉक्टर पुन्हा, खोलवरचा तुकडा घ्यायचं म्हणाले तर वैतागू नका.

तुकडा माझ्याकडे आला की आयएचसी नावाचे रंग लावून बघता येतं, हे रंग पेशीतली ठरावीक प्रोटीनं दाखवतात. आतड्याच्या पेशी सहसा सीके20 आणि सीडीएक्स2 ला रंग धरतात, स्तनाच्या गाटा3 ला आणि बरेचदा ईआर ला, म्हणजे हार्मोनच्या रिसेप्टरला. पण स्तनाचे रंग लावायचे हे मला सुचायला तरी हवं ना, फॉर्म कोरा असेल तर मी आतड्याचाच विचार करणार!

फरक फक्त नावाचा नाही हो. आतड्याचा कॅन्सर आतड्यापुरता असेल तर तेवढा भाग कापून माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. स्तनाचा तिथे पोचला असेल तर उपचार सगळ्या शरीराचा, हार्मोनच्या गोळ्या किंवा इतर औषधं, ऑपरेशन शक्यतो आतडं तुंबलं, फाटलं किंवा रक्तस्राव थांबेना तरच.

आणि कधीकधी दोन्ही एकदमच असतात, क्वचित, पण जर्नलमध्ये नोंदी आहेत. सर्जनने आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं, तुकडा आला, गाठ खरंच आतड्याचीच, गोल गोल ग्रंथी करणारी. शेजारच्या लिम्फ नोडमध्येही (लसिकेच्या बारीक गाठी असतात त्या) कॅन्सर, म्हणजे आतड्याचा तिसऱ्या स्टेजला गेला असं लिहून मोकळं व्हावं, तर नोडमध्ये ग्रंथी नाहीतच, त्या बारीक पेशींच्या रांगा. म्हणजे आतड्याचा पसरलेला नाही, पसरलाय तो जुना स्तनाचा. घाईत लिहिलं असतं तर दोन्हींची स्टेज चुकली असती आणि औषधही.

तेव्हा पोटाच्या कुठल्याही तपासणीला जाताना स्तनाच्या ऑपरेशनची जुनी फाईल घेऊन जा, कितीही वर्षं झाली असली तरी. रिपोर्टमध्ये लोब्युलर हा शब्द आहे का बघा. आणि तेव्हाच्या लॅबला विचारा ब्लॉक ठेवलाय का, मेणात बसवलेला तुकडा असतो तो, नखाएवढा. त्याची नवी स्लाइड कापून आताच्या स्लाइडशेजारी ठेवली की बरेचदा रंग लावायच्या आधीच कळतं, त्याच त्या रांगा.