बेस आणि हॉर्न यांची हद्द

लग्नाचा मांडव असो, श्रावणातला कानबाईचा उत्सव असो किंवा अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी संत सखाराम महाराजांची यात्रा असो, खानदेशात साउंड उभा राहतो तो बहुधा एकाच रीतीने. जमिनीवर बेसच्या पेट्या, स्टँडवर टॉप, म्हणजे मधल्या-वरच्या सुरांच्या पेट्या, आणि टॉपच्या आत 15 इंची स्पीकरच्या वर उंच सुरांचा हॉर्न. या तिघांत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर मागे रॅकमध्ये असतो. त्याच्या स्क्रीनवर बटरवर्थ, बेसेल, लिंकविट्झ-रायली अशी फिल्टरची नावे आणि 12, 18, 24, 48 असे त्यांच्या उताराचे आकडे दिसतात, आणि बरेचदा मशीनसोबत आलेली निवड तशीच राहते.

आकड्यांपासून सुरुवात करू. जिथे एका पेटीचे काम संपून दुसरीचे सुरू होते, ती फ्रिक्वेन्सी म्हणजे हद्द. 24 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचे माप) म्हणजे या हद्दीपलीकडे फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होताना आवाज 24 डीबीने उतरतो. हा उतार किती तीव्र हवा, हे आधी हॉर्नचे युनिट ठरवते. आवाजाची पातळी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, तर डायफ्रामला, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याला, चौपट हलावे लागते. त्यामुळे 6 डीबीच्या फिल्टरमध्ये खाली जाताना त्याची हालचाल वाढतच राहते, 12 डीबीमध्ये ती जेमतेम स्थिर राहते आणि 18 किंवा 24 डीबीमध्येच खरी कमी होते. स्वस्त पेट्यांमध्ये ट्विटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला, नुसता एक कपॅसिटर लावलेला असतो. तो 6 डीबीचाच फिल्टर आहे आणि रात्रभराच्या वरातीत असे ट्विटर का जळतात याचे निम्मे उत्तर तिथे आहे.

मग हद्द वर सरकवून हॉर्नला वाचवावे, तर 15 इंची स्पीकर आडवा येतो. सुमारे 900 हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी 38 सेंटिमीटर, म्हणजे या स्पीकरच्या व्यासाइतकी होते. तिथून वर त्याचा आवाज समोरच्या दिशेला आवळत जातो आणि कडेला बसलेल्यांना अहिराणी गाण्यातले शब्द नीट कळत नाहीत. म्हणून हद्द फार वर नेता येत नाही. ती खाली ठेवायची तर तीव्र उतार घ्यावाच लागतो.

आता नावांकडे वळू. बटरवर्थ फिल्टरमध्ये हद्दीवर दोन्ही बाजू, म्हणजे हद्दीखालचा आणि हद्दीवरचा आवाज, 3 डीबीने खाली असतात. 24 डीबीच्या बटरवर्थमध्ये त्या एका फेजमध्ये, म्हणजे दोघांच्या लाटा एकाच वेळी वर-खाली होत भेटत असल्याने दोघांची बेरीज 3 डीबीने फुगते. 18 डीबीच्या बटरवर्थची बेरीज समोर सपाट येते, परंतु स्पीकर आणि हॉर्न वर-खाली बसवलेले असल्याने आवाजाचा झोत वर किंवा खाली कलतो. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी 1976 साली मांडलेल्या रचनेत दोन बटरवर्थ फिल्टर एकामागे एक जोडले जातात. हद्दीवर दोन्ही बाजू 6 डीबीने खाली येतात, फेज जुळतो, बेरीज सपाट राहते आणि झोत कलत नाही. सतरंजीवर पुढे बसलेल्या बायका आणि मागे उभी असलेली माणसे यांना एकच गाणे सारखे ऐकवायचे असेल, तर हा न कलणारा झोत फार मोलाचा आहे. बेसेलचा उतार सौम्य असतो आणि वेळेच्या बाबतीत तो नीटस असतो, पण त्याची बेरीज तितकी सपाट येत नाही; मांडवात त्याची गरज क्वचितच पडते.

आकडा मोठा म्हणून 48 डीबीचा फिल्टर चांगला, असे मात्र नाही. बेस आणि टॉप यांच्या 100 हर्ट्झच्या हद्दीवर 24 डीबीचा लिंकविट्झ-रायली खालच्या सुरांना सुमारे साडेचार मिलिसेकंद उशीर लावतो. 48 डीबीमध्ये तो आठच्या पुढे जातो. शिवाय मशीनमध्ये निवडलेला उतार हा केवळ विजेचा उतार असतो. स्पीकर आणि हॉर्न यांचा स्वतःचा उतार त्यात मिसळतो आणि श्रोत्याच्या कानाशी पोहोचतो तो दोन्हींचा मेळ.

पेट्यांच्या जागाही हिशेबात धरायला हव्यात. वैशाखात 40 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 355 मीटर असतो, म्हणजे 100 हर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेतीन मीटर होते. बेसच्या पेट्या टॉपपेक्षा पावणेदोन मीटर पुढे मांडल्या, की हद्दीवर दोघे एकमेकांच्या उलट होतात आणि निवडलेला फिल्टर कितीही योग्य असला तरी तिथे खड्डा पडतो. बेसला सुमारे 5 मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे मुद्दाम लावलेला उशीर, दिला की तो भरून निघतो.

हे तपासण्याची सोपी रीत आहे. 24 डीबीचा लिंकविट्झ-रायली लावावा, मोजमापाचा माइक श्रोते बसतात तिथे ठेवावा आणि एका बाजूची पोलॅरिटी उलटी करावी, म्हणजे तिची लाट वरची खाली आणि खालची वर होते. मेळ बरोबर असेल, तर नेमक्या हद्दीवर खोल खड्डा दिसतो. तो उथळ असेल किंवा बाजूला सरकला असेल, तर डिले थोडा थोडा बदलत जावे. खड्डा सर्वांत खोल झाला, की डिले तिथेच ठेवून पोलॅरिटी सरळ करावी.