उंच मुलाच्या छातीत कळ येते तेव्हा

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी जरा हात पुढे करा. अंगठा तळहातावर आडवा ठेवा आणि त्यावर चारही बोटं मिटून मूठ करा. अंगठ्याचं शेवटचं पेर करंगळीच्या पलीकडे अख्खं बाहेर येतंय का? बहुतेकांचं येणार नाही. आता एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या हाताच्या मनगटाला वेढा घाला. अंगठ्याखाली करंगळीचं नख पूर्ण झाकलं जातंय का? या दोन्ही खुणा जमल्या म्हणून लगेच घाबरू नका, काहींचे सांधे मुळातच सैल असतात. पण या साध्या तपासणीला दीड मिनिट लागतं, आणि मी ती एका मुलाची करायला चौदा महिने उशीर केला. म्हणून आज बोलायला उभी आहे.

मी तेव्हा एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. रात्री सतरा वर्षांचा एक मुलगा आला. उंच, अगदी शेवग्याच्या शेंगेसारखा. जड काही उचललं नव्हतं, पडला नव्हता, टेबलाशी अभ्यास करत बसला होता. एकदम उजव्या छातीत कळ आली आणि श्वास अर्ध्यावर अडायला लागला. एक्स-रेत उजवी बाजू काळी होती. टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक पांढरी रेघ दिसत होती, ती मिटलेल्या फुप्फुसाची कड. फुप्फुसातून हवा बाहेर फुटून छातीच्या पोकळीत साठली होती. आम्ही नळी टाकली. खाटेखालच्या बाटलीत पाण्यातून बुडबुडे यायला लागले. तो खोकला की बुडबुड्यांचा लोट यायचा. चौथ्या दिवशी खोकूनही पाणी हललं नाही. एक्स-रे चांगला आला, नळी काढली, मुलगा घरी गेला.

उंच, बारीक मुलांना कधीकधी असं होतं, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. ते खरंही आहे, आणि त्यामुळेच आम्ही तिथेच थांबलो. पुढे कुणीतरी त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे फुप्फुस फुटलं की क्षयाची शंका घेणं चूक नाही, पण याच्या थुंकीत काहीच सापडलं नव्हतं.

चौदा महिन्यांनी डावी बाजू फुटली. या खेपेला त्याची आई एक्स-रेची पिशवी माझ्या हातात देत होती, आणि माझी नजर तिच्या बोटांवर गेली. लांब, निमुळती, कोळ्याच्या पायांसारखी. मी दोघांनाही मूठ मिटायला सांगितलं. दोघांचेही अंगठे बाहेर आले. दोघांचा टूडी इको केला. मुलाची महाधमनी हृदयातून निघते तिथे थोडी रुंद होती. आईची त्याहून पुष्कळ जास्त.

हा मार्फान सिंड्रोम. 1896 मध्ये पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ अँत्वान मार्फान यांनी लांब बोटांच्या एका लहान मुलीचं वर्णन केलं, त्यावरून नाव पडलं. (त्या मुलीला बहुधा वेगळाच आजार होता, असं आज मानतात.) दोष पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो, तो 1991 मध्ये सापडला. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. चौघांतल्या एकाच्या बाबतीत मात्र घराण्यात कुणालाच नसतो, दोष त्याच्यापासूनच सुरू होतो.

या जनुकातून फायब्रिलिन नावाचं प्रथिन बनतं. गोधडीत कापडाचे थर असतात, पण तिला गोधडीपण येतं ते धावदोऱ्यामुळे. फायब्रिलिन हा आपल्या शरीरातला धावदोरा. तो उसवला की महाधमनी ताणत जाते, डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं आणि फुप्फुसातल्या नाजूक वायुकोशांच्या भिंती विरतात. फुप्फुसाच्या शेंड्याला ताण सगळ्यात जास्त असतो, उंच माणसात आणखी जास्त. तिथे हवेचे पातळ फुगे तयार होतात आणि एखादा फुटतो. फायब्रिलिनचं आणखी एक काम आहे. वाढीचा संदेश देणाऱ्या एका प्रथिनाला ते लगाम घालतं. सदोष फायब्रिलिनच्या उंदरांवरच्या संशोधनात 2003 मध्ये दिसलं की हा लगाम सुटल्यामुळे पिल्लांचे वायुकोश पहिल्यापासूनच नीट घडत नाहीत. म्हणजे काही फुप्फुसं झिजण्याआधीच कच्ची असतात.

छातीचा पिंजराही साथ देत नाही. कुणाची छाती खोलगट, कुणाची कबुतरासारखी पुढे आलेली, पाठीचा कणा वाकडा. फुप्फुसाला फुलायला जागा कमी पडते. फुंकण्याच्या तपासणीत यंत्र उंचीवरून अंदाज बांधतं की फुप्फुस केवढं असायला हवं. या लोकांची उंची पायांत असते, त्यामुळे यंत्राची अपेक्षा अवास्तव ठरते. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणंही यांच्यात जास्त दिसतं, सडपातळ माणसातसुद्धा. म्हणून दिवसा पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याची झोप तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्फानच्या माणसाच्या छातीत अचानक कळ आली तर कारण फुप्फुस असू शकतं, किंवा महाधमनीचा थर फाटलेला असू शकतो. घरी बसून फरक ओळखता येत नाही. ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. तडक तातडीच्या विभागात जा आणि दारातच सांगा, "मला मार्फान आहे."

आणि हे टाळा. तारकर्लीला गेलात तर समुद्र बघा, मासे खा, स्कूबा करू नका. वर येताना फुग्यात अडकलेली हवा प्रसरण पावते. विमानातही ती थोडी फुगतेच, म्हणून फुप्फुस फुटल्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय प्रवास नको. भस्त्रिका, कपालभाती, लांबवलेला कुंभक नको; शांत श्वसन खुशाल करा. सनई किंवा शंख फुंकणं नको. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणं हृदयासाठीही वाईट. मिरवणुकीत झांज घ्या. बिडी-सिगारेटबद्दल मी वाद घालणार नाही, ती बंदच.

औषधांचंही सांगते. खोकल्या-तापासाठी आपल्याकडे लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास दिलं जातं. या गटामुळे महाधमनीला धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला, त्यात मार्फानचं नाव आहे. दुसरा पर्याय मागा. महाधमनीसाठी मिळणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी दमा असलेल्याची धाप वाढू शकते. दमा असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, लोसार्टनसारखा पर्याय असतो.

त्या मुलावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. फुगे काढले, फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटवलं. आईच्या महाधमनीचा रुंदावलेला भाग वेळेत बदलता आला. नंतर ती धाकट्या मुलीला घेऊन आली, नऊ वर्षांची. मी मुलीला मूठ मिटायला सांगितलं. अंगठा आतच राहिला. इको नीट आला. रक्ताचा नमुना जनुकतपासणीला पाठवला, आणि महिन्याभराने अहवाल आला, दोष नाही. इतक्या दिवसांत ती बाई पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसली.