फिनिक्सचे पाच विश्वस्त

नमस्कार, श्रोते हो.

आपल्याकडे धर्मादाय संस्थेच्या दारात एक फलक असतो. त्यावर विश्वस्तांची नावं असतात आणि नावापुढे डॉक्टर, वकील, उद्योजक असं काही लिहिलेलं असतं. फलक वाचून माणसाचा व्यवसाय कळतो. पण दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याची जमीन त्याच्या हाती का सोपवली, हे त्यावरून कळत नाही. आज मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेतल्या एका विश्वस्त मंडळाबद्दल सांगणार आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या नावामागचं हे ‘का’ आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे.

डरबन शहरापासून चौदा मैलांवर फिनिक्स नावाची वसाहत आहे. १९०४ साली गांधींनी तिथे आधी वीस एकर आणि मग लागूनची ऐंशी एकर जमीन घेतली. सगळी मिळून एक हजार पौंडांना पडली. एक झरा होता, थोडी आंब्याची आणि संत्र्याची झाडं होती, आणि रान माजलेलं होतं. ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकाचा छापखाना तिथे हलवायचा, तिथे राहणाऱ्या प्रत्येकानं शेतात राबायचं, आणि गोरा असो वा हिंदी, म्हणजे भारतीय, प्रत्येकानं महिन्याला सारखेच तीन पौंड घ्यायचे, असा बेत होता. छापखान्याची शेड उभी करायला पत्रे आणि बांधकामाचं सामान दिलं पारसी रुस्तमजी शेठनी. त्यांच्या एका मोठ्या गुदामाचं ते जुनं सामान होतं.

पुढे आठ वर्षांनी, सप्टेंबर १९१२ मध्ये, या जमिनीचं आणि छापखान्याचं ट्रस्टपत्र प्रसिद्ध झालं. जी मालमत्ता गांधींच्या नावावर होती, ती पाच विश्वस्तांच्या हाती गेली. विश्वस्त हा शब्द गांधींना फार आधीपासून सतावत होता. लंडनमध्ये कायदा शिकताना त्यांनी इक्विटीची, म्हणजे न्यायबुद्धीवर उभ्या असलेल्या कायद्याची, तत्त्वं अभ्यासली होती; विश्वस्ताची कल्पना त्यातलीच. पुढे जोहान्सबर्गला गीता वाचताना त्यांना अपरिग्रहाचं कोडं पडलं, तेव्हा तोच धडा उपयोगी आला. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधी असतील, पण त्यातली एक पैही त्याची नसते. हे मनात ठसल्यावर त्यांनी मुंबईत उतरवलेला आपला दहा हजारांचा विमा बंद पडू दिला. फिनिक्सचं ट्रस्टपत्र मला त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल वाटतं.

आता ते पाच जण. डरबनचे व्यापारी उमर हाजी आमद जोहरी. पारसी रुस्तमजी जीवनजी घोरखोदू, तेही डरबनचे व्यापारी. जोहान्सबर्गचे वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख. तिथलेच बॅरिस्टर लुई वॉल्टर रिच. आणि रंगूनचे बॅरिस्टर प्राणजीवनदास जगजीवन मेहता. मुसलमान, पारसी, युरोपीय, गुजराती, सगळे एका कागदावर. त्या काळात, त्या देशात, जिथे माणसाचा वर्ण पाहूनच त्याची पायरी ठरत असे, तिथे ही यादी नुसती वाचली तरी पुरे.

रुस्तमजींपाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. एक तर ते जन्मानं आपल्या मुंबईचे. १३ जानेवारी १८९७ ला डरबनच्या रस्त्यावर गोऱ्या जमावानं गांधींना मारहाण केली, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो रुस्तमजींच्या घरात. रात्री जमावानं घराला वेढा घातला आणि घर जाळण्याची धमकी दिली. आत रुस्तमजींची माणसं होती, माल होता, कस्तुरबा आणि मुलं होती. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांनी बाहेर जमावाला गाण्यात गुंतवून ठेवलं आणि गांधींना हिंदी शिपायाच्या वेषात मागच्या मागे काढून दिलं. रुस्तमजींनी दार उघडलं नाही.

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. रुस्तमजी मुंबई-कलकत्त्याहून माल मागवत आणि जकात चुकवत. हे कुणाला ठाऊक नव्हतं, गांधींनाही नाही. एकदा चोरी पकडली गेली तेव्हा ते रडवेले होऊन गांधींकडे आले. गांधींनी सांगितलं, जाऊन कबूल करा, आणि वेळ आली तर तुरुंगात जायची तयारी ठेवा. शरम तुरुंगात जाण्याची नाही, चोरीची आहे. रुस्तमजींनी कबुली दिली. चुकवलेल्या जकातीच्या दुप्पट दंड भरून प्रकरण मिटलं. त्यानंतर त्यांनी ही सगळी हकिकत कागदावर लिहिली, चौकटीत बसवली आणि आपल्या पेढीत भिंतीवर टांगली. आपल्या वारसांना आणि इतर व्यापाऱ्यांना कायम दिसावी म्हणून!

विश्वस्त म्हणून निवडताना गांधींच्या मनात ही चौकट होती का, ते कुठं लिहिलेलं नाही. पण मी असतो तर मला तीच आठवली असती. पैशाच्या मोहात पडून, सावरून, आपली चूक रोज डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या माणसाच्या हाती मी किल्ल्या निश्चिंतपणे दिल्या असत्या. आणि ट्रस्टपत्रानंतर वर्षभरातच, सप्टेंबर १९१३ मध्ये, फिनिक्सहून जी सोळा जणांची पहिली तुकडी सत्याग्रहासाठी निघाली, तिच्यात कस्तुरबांबरोबर रुस्तमजी होते. तीन महिने सक्तमजुरी झाली. विश्वस्तपद म्हणजे बैठकीची खुर्ची, असं त्यांना वाटलं नसावं.

मेहतांची ओळख याहून जुनी. सौराष्ट्रातल्या मोरबीचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले, पुढे रंगूनला जवाहिराचा व्यापार करणारे. १८८८ साली एकोणीस वर्षांचे गांधी लंडनला पोहोचले, त्याच संध्याकाळी मेहता त्यांना हॉटेलवर भेटायला आले. गांधींनी कुतूहलानं त्यांच्या उंच टोपीवरून उलटा हात फिरवला आणि तिची लव विस्कटली. मेहतांनी थोडं रागावून पहिला धडा दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. चोवीस वर्षांनी त्याच माणसाच्या नावावर गांधींनी आपली वसाहत केली. सत्याग्रहाच्या काळात मेहतांनी रंगूनहून सतत पैसा पुरवला, हिंदी तरुणांना इंग्लंडमध्ये शिकायला शिष्यवृत्ती दिली, आणि स्वतः मागे राहिले.

कॅलनबाख जर्मन ज्यू. उत्तम चालणारा धंदा, एकटा जीव; घरभाडं सोडून महिन्याला बाराशे रुपये स्वतःवर खर्च करणारा. गांधींच्या सहवासात तो खर्च एकशेवीसवर आला. १९१० मध्ये त्यांनी जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना भाड्याविना राहायला दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. जोहान्सबर्ग ज्या प्रांतात होतं त्या ट्रान्सवालमध्ये ठरवून दिलेल्या वस्त्यांबाहेर आशियाई माणसाला जमीन घ्यायची मुभा नव्हती, म्हणून अशा मित्राचं मोल किती होतं ते समजेल. १९१३ च्या लढ्यात तेही तुरुंगात गेले.

रिच आधी जोहान्सबर्गच्या एका व्यापारी पेढीत व्यवस्थापक होते. थिऑसॉफीच्या, म्हणजे सर्व धर्मांचं मूळ एक मानणाऱ्या पंथाच्या, ओढीनं गांधींजवळ आले, ती नोकरी सोडून त्यांच्या कचेरीत वकिलीची उमेदवारी करू लागले, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. तिथे १९०६ पासून हिंदी लोकांची बाजू मांडणाऱ्या समितीचं चिटणीसपद त्यांनी सांभाळलं. जोहरी शेठ नाताळ इंडियन काँग्रेसच्या, म्हणजे डरबन ज्यात येतं त्या नाताळ प्रांतातल्या हिंदी लोकांच्या संघटनेच्या, कामातले, डरबनच्या मुसलमान व्यापाऱ्यांत वजन असलेले.

श्रोते हो, ही यादी मला प्रिय आहे, म्हणूनच तिच्यातली उणीवही सांगतो. पाचांत एकही स्त्री नाही. आणि तिथल्या मूळच्या झुलू समाजाचा एकही माणूस नाही. फिनिक्स आहे इनांडा भागात. तिथून जवळच जॉन दुबे यांची ओहलांगे ही आफ्रिकन मुलांची शाळा वसाहतीच्याही आधीपासून चालू होती. दुबे शिक्षक होते, संपादक होते, गांधींना त्यांच्याविषयी आदरही होता. तरी शेजाऱ्याचं नाव कागदावर आलं नाही. १९१२ चे संकेत मला कळतात. हळहळ मात्र जात नाही.

स्त्रियांची उणीव काळानं भरून काढली. १९२७ साली अकोल्याच्या सुशीला मश्रूवाला गांधींचे चिरंजीव मणिलाल यांच्याशी लग्न करून फिनिक्सला गेल्या. विदर्भातली ही मुलगी तिथे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली, गुजराती मजकूर पाहू लागली. १९५६ मध्ये मणिलाल गेल्यावर तिनं ‘इंडियन ओपिनियन’ १९६१ पर्यंत चालवलं. त्यांची कन्या इला गांधी याच वसाहतीत वाढल्या. समाजसेविका झाल्या, वर्णद्वेषी सरकारच्या बंदीहुकुमाखाली कित्येक वर्षं घरात अडकल्या, १९९४ नंतर संसदेत बसल्या, आणि त्याच ट्रस्टची धुरा त्यांनी वाहिली.

मध्ये एक काळी खूण आहे. ऑगस्ट १९८५ मध्ये इनांडात हिंसाचार उसळला. त्यात फिनिक्स लुटलं गेलं, जाळलं गेलं. गांधींचं घर ‘सर्वोदय’ उरलं नाही. घर नसलेल्या माणसांनी त्या जमिनीवर झोपड्या बांधल्या. पुढे ट्रस्टनं घर पुन्हा जुन्या घाटणीनं उभारलं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या हस्ते ते खुलं झालं. झोपड्यांची वस्ती आजही भोवती आहे. मंडळातल्या माणसांना आता तिच्यासह विचार करावा लागतो.

त्या वस्तीचं नाव आहे भाम्बायी. मुंबईच्या ‘बाँबे’ या नावाचं ते झुलू रूप आहे असं सांगतात.