वाफसा येऊ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

रंगपंचमी झाली, जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, वर्षभरासाठी पुन्हा बुजवल्या गेल्या, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी पाइप सुरू झाले. ऊन चढलं की प्रत्येकाला आपली झाडं तहानलेली वाटतात. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि बोलणं संपेपर्यंत पाणी चालूच.

मीही त्यातलीच होते. एकदा सहज पाइपाखाली बादली ठेवून घड्याळ लावलं. पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, आणि माझं पाणी घालणं चालायचं वीस मिनिटं. झाले २४० लिटर! शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी मी बावीस कुंड्यांवर ओतत होते, आणि त्यातलं निम्मं तरी कुंड्यांच्या भोकांतून गच्चीच्या पन्हाळीला लागत होतं.

त्याच सुमाराला निफाडहून मामा आले. त्यांची द्राक्षबाग आहे. माझा मोगरा पिवळा पडला होता. मी म्हटलं, "मामा, पाणी कमी पडतंय बहुतेक." मामांनी कुंडीत बोट खुपसलं, मातीचा वास घेतला आणि म्हणाले, "अगं पोरी, हा तहानलेला नाही, बुडालाय. जरा वाफसा येऊ दे की!"

वाफसा. शेतकऱ्याच्या तोंडी रोज असणारा हा शब्द आम्ही शहरातले कुंडीवाले विसरलो आहोत. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाणी दिलं की त्या सगळ्या भरतात आणि हवेला जागाच उरत नाही. जास्तीचं पाणी निथळलं की मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत ओल टिकते. माती ओली, पण चिखल नाही, ही अवस्था म्हणजे वाफसा. मुळाला श्वास घ्यायलाही मिळतो आणि प्यायलाही. कायम चिखलात राहिलेलं मूळ कुजतं. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं. आणि मान टाकली म्हणून आपण त्याला आणखी पाणी घालतो!

तेव्हा पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलसर माती बोटाला चिकटली, तर आज त्या कुंडीला सुट्टी. दुपारी जास्वंदीची किंवा भोपळ्याच्या वेलाची पानं लोंबलेली दिसली तरी लगेच धावू नका. उन्हात पानांतून पाणी जितकं उडतं तितकं मुळांना पुरवता येत नाही, एवढंच. संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. सकाळीसुद्धा मलूल दिसलं, तर मात्र पाणी द्या, आणि ऊन चढायच्या आत द्या.

जमिनीत बाग असेल तर आपल्याकडची काळी माती ओल धरून ठेवते, पण वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. कोळपणी, म्हणजे वरवरची माती हलवणं, हे अर्धं पाणी आहे असं शेतकरी म्हणतात ते याचसाठी. खुरप्यानं वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात. त्यावर आच्छादन घाला. पालापाचोळा चालेल, उसाचं पाचट चालेल, इगतपुरीकडून कोणी येणार असेल तर भाताचं तूस मागवा. थर तीन-चार बोटं जाड हवा, फक्त खोडाला टेकवू नका. कुंडीतही हेच करा. सुकी पानं जाळणारे शेजारी आमच्याकडे आहेत. मी त्यांच्याकडून पानं पोत्यानं आणते. त्यांना मी थोडी वेडी वाटते, वाटू दे.

आता ठिबक. आपण नाशिककरांना ठिबक काही नवं नाही, दिंडोरी-निफाडच्या बागा त्यावरच उभ्या आहेत. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती तरी दुसरं काय आहे? पण गच्चीवर ठिबक बसवताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. पाण्याची टाकी कुंड्यांपेक्षा चार-पाच फूटच उंच असेल, तर दाब फार कमी मिळतो. शेतातले ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी नळीवरची तोंडं, त्या दाबावर नीट चालत नाहीत. त्यापेक्षा मुख्य नळीला बारीक नळ्या जोडा आणि थेंब कुंडीत पडू द्या. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून नळ्या बुजतात, त्या महिन्यातून एकदा झटकाव्या लागतात.

त्याहून मला आवडतं ते मडकं. कच्चं वाटावं असं, न रंगवलेलं मडकं तोंड वर ठेवून मातीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. आजूबाजूची माती जशी कोरडी होते, तसं पाणी मडक्याच्या अंगातून तिच्याकडे झिरपतं. माती ओली असली की झिरपणं मंदावतं. वाफसा मडक्यालाच कळतो म्हणा ना! मी आधी कंजूषपणा करून जुना माठ पुरला होता, तो काही पाझरेना. जो माठ पाणी गार करत नाही, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटी नवं मडकंच आणलं.

आजीच्या घरी न्हाणीमागे केळ, कर्दळ आणि अळू असायचं. सांडपाण्याचा तो सगळ्यात शहाणा उपयोग होता. आज साबणाच्या पावडरींत सोडियम भरपूर असतं, म्हणून वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी बागेत नकोच. शेवटच्या खळबळण्याचं पाणी केळीला, कर्दळीला चालतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र कुठल्याही कुंडीला घाला.

हिरवळीबद्दल बोलले तर काही जण रागावतील. वीस फूट बाय वीस फूट हिरवळ, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी उडतं असं धरलं तरी १८५ लिटर. एका माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त, आणि तेही गंगापूर धरणाची पातळी उतरत असताना. माझं मत विचाराल, तर तिथे एक कडुनिंब लावा आणि खाली खाट टाका.

पावसाळ्याची तयारीही आत्ताच करायची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पडला की हजार लिटरची टाकी भरली. ती दिवाळीपर्यंत संपणारच, एप्रिलला पुरणार नाही. म्हणून टाकी भरल्यानंतरचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात उतरेल अशी जोडणी करून घ्या. गच्ची झाडून ठेवा, पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावा, आणि पहिल्या पावसाचं पाणी, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते, ते टाकीत न घेता सोडून द्या. प्लंबर मे महिन्यात मिळत नाहीत, तेव्हा त्यांना आजच फोन करा.

नमस्कार.